निरोग्यांचा वैद्य : वाल्डेमार हाफकिन

(बी. ए. भाग २)

गेल्या १ डिसेंबरला आपल्या महाविद्यालयाच्या रेड रिबन क्लबतर्फे जागतिक एड्स दिनानिमित्त व्याख्यान झाले, ते पुष्कळांच्या स्मरणात असेलच. पाहुण्यांनी एच.आय.व्ही.ची बाधा होण्याआधीच घ्यावयाच्या गोळीची माहिती सांगितली. टेनोफोव्हिर आणि एम्ट्रिसिटाबिन अशी दोन औषधे या एका गोळीत असतात. ज्याला बाधेचा धोका अधिक आहे अशा निरोगी माणसाने ती नेमाने घेतली, तर शरीरसंबंधातून होणारी बाधा बहुतांशी टळते. हे ऐकून मागच्या बाकावरचा माझा एक मित्र उभा राहिला आणि त्याने विचारले, की ज्याला काहीच झालेले नाही त्याने रोज औषध का खावे, आणि ते खाऊन त्याच्या पोटाचे काय होते? सभागृहात हशा पिकला. पाहुणे मात्र हसले नाहीत. हाच प्रश्न आज संशोधक विचारीत आहेत, असे ते म्हणाले.

त्यांनी सांगितले ते मला समजले तसे लिहितो. आपल्या आतड्यांत असंख्य जिवाणू वस्तीला असतात आणि शरीराच्या संरक्षक पेशींचा फार मोठा भाग आतड्याच्या भिंतीतच असतो. एच.आय.व्ही. शरीरात शिरला की त्याचा पहिला मोठा घाला या पेशींवर पडतो. मग ती भिंत झिरपू लागते, जिवाणूंचे अंश रक्तात उतरतात आणि सगळ्या शरीरात एक मंद दाह धुमसत राहतो. म्हणून गोळी घेणाऱ्या निरोगी माणसांच्या आतड्यांतील जिवाणू आणि त्यांच्या रक्तातील दाहाच्या खुणा मुद्दाम तपासल्या जातात. लहान लहान अभ्यासांत काही जातींच्या जिवाणूंचे प्रमाण बदललेले आढळले आहे. काहींना पहिल्या काही आठवड्यांत मळमळते, पोट फुगते. मूत्रपिंडावर लक्ष ठेवावे लागते. एवढे सगळे मोजायचे कशासाठी, तर औषध घेणारा माणूस आजारी नाही म्हणून.

मला त्या वेळी माझे वडील आठवले. २०२१ साली आमच्या गावात करोनाची लस टोचायला गाडी आली, तेव्हा अर्धे गाव घरांना कुलपे लावून वावरात निघून गेले होते. वडीलही गेले होते. आमची जमीन तीन एकर कोरडवाहू, बाकी सगळा संसार रोजमजुरीवर. धडधाकट माणसाने सुई टोचून घेऊन दोन दिवस तापाने पडायचे आणि ऐन पेरणीत दोन दिवसांची मजुरी बुडवायची, हे त्यांना पटत नव्हते. मी तेव्हा शाळेत होतो. ते अडाणीपणाने बोलतात असे मला वाटले आणि मी तसे बोलूनही दाखवले. आज मला त्याची लाज वाटते. त्यांचा हिशेब चुकीचा असेल, पण तो हिशेब होता.

माझी मावशी आशा कार्यकर्ती आहे. तिच्या डब्यातल्या पोलिओच्या थेंबांच्या कुपीवर मी लहानपणी हाफकिन हे नाव वाचले होते. ते एखाद्या कारखान्याचे नाव असावे असे मी समजत होतो. व्याख्यानानंतर ग्रंथालयात बसून वाचले तेव्हा कळले की ते एका माणसाचे नाव आहे. माझ्या मित्राचा प्रश्न आणि माझ्या वडिलांचा हिशेब या दोन्हींपायी ज्याचे सगळे आयुष्य गेले, अशा माणसाचे.

वाल्डेमार मोर्देकाय हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी काळ्या समुद्राकाठच्या ओडेसा शहरात एका ज्यू कुटुंबात झाला. ओडेसा त्या वेळी रशियन साम्राज्यात होते, आज ते युक्रेनमध्ये आहे. १८७९ साली ते तेथील विद्यापीठात दाखल झाले आणि प्राणिशास्त्राचे प्राध्यापक इल्या मेचनिकॉव यांचे विद्यार्थी झाले. ही गुरुशिष्यांची जोडी पुढे जगप्रसिद्ध व्हायची होती. पण ते दिवस अभ्यासाचे कमी आणि धामधुमीचे जास्त होते. झारच्या राजवटीविरुद्ध चळवळी चालू होत्या, विद्यार्थी हाफकिन त्यांत ओढले गेले, त्यांना अटकही झाली. १८८१ साली ज्यू वस्त्यांवर हल्ले झाले, तेव्हा वस्तीच्या रक्षणासाठी उभ्या राहिलेल्या तरुणांत ते होते आणि तेथे जखमी झाले. मेचनिकॉव यांनी शब्द टाकला नसता तर कदाचित तुरुंगातच त्यांचे शिक्षण संपले असते.

पदवी मिळाली, पण अध्यापकाची जागा मिळेना. धर्म बदलून रशियन चर्चमध्ये आलात तर जागा आहे, असे त्यांना सुचविण्यात आले. हाफकिन यांनी ते नाकारले आणि ओडेशाच्या प्राणिशास्त्रीय वस्तुसंग्रहालयातील साधी नोकरी पत्करली. तेथे ते काही वर्षे एकपेशीय जीवांवर काम करीत राहिले. हे सूक्ष्मजीव कोणत्या पाण्यात वाढतात, ऊन कमी-जास्त केले तर काय होते, असे ते बारकाईने पाहत. ते वैद्य नव्हते, वैद्यकाची पदवी त्यांनी कधीच घेतली नाही, हे येथेच सांगून ठेवतो. पुढे इंग्रज डॉक्टरांनी त्यांच्याविरुद्ध हीच गोष्ट वारंवार काढली.

१८८८ साली त्यांनी रशिया सोडला. काही काळ जिनिव्हा येथे साहाय्यक म्हणून काढला आणि १८८९ मध्ये ते पॅरिसला पाश्चर संस्थेत आले. मेचनिकॉव तेथे आधीच पोहोचले होते. संस्थेत जागा एकच रिकामी होती, ती ग्रंथपालाची. हाफकिन यांनी ती घेतली. दिवसा पुस्तके द्यायची-घ्यायची आणि उरल्या वेळात प्रयोगशाळेचा कोपरा गाठायचा. (महाविद्यालयात काम करून शिकणाऱ्या माझ्या काही वर्गमित्रांना यात नवल वाटणार नाही.)

येथे गुरूंविषयी थोडे सांगणे भाग आहे, कारण आपल्या पाहुण्यांनी सांगितलेल्या दोन्ही गोष्टी, दाह आणि आतड्यातले जिवाणू, यांच्या अभ्यासाच्या आरंभी हेच मेचनिकॉव आहेत. १८८२ साली इटलीतील मेसिना येथे त्यांनी तारामाशाच्या पारदर्शक अळीत गुलाबाचा काटा टोचला आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहत राहिले. दुसऱ्या दिवशी काट्याभोवती फिरत्या पेशींची गर्दी जमली होती. पायात काटा मोडला की ती जागा लाल होते, सुजते, ठणकते, हा आपला नेहमीचा अनुभव. ती सूज म्हणजे निव्वळ विकार नसून शरीराच्या पेशी आगंतुकाला गिळायला धावल्याची खूण आहे, हे त्यांनी दाखविले. त्यांची दाहावरची व्याख्याने १८९२ साली पुस्तकरूपाने निघाली. पुढे त्यांनी आतड्यातील जिवाणूंचा माणसाच्या आयुर्मानाशी संबंध जोडला आणि आंबवलेल्या दुधाचा पुरस्कार केला. ज्याच्या घरी रोज ताक घुसळले जाते अशा वऱ्हाडी माणसाला यात फारसे नवे वाटणार नाही, पण युरोपात त्याची मोठी चर्चा झाली. १९०८ चे नोबेल पारितोषिक पॉल एर्लिश आणि मेचनिकॉव यांना विभागून मिळाले.

हाफकिन पॅरिसला स्थिरावले तेव्हा पटकीने, म्हणजे कॉलऱ्याने, पुन्हा डोके वर काढले होते. आपल्याकडे मरीआईचा कोप म्हणून ज्या रोगाला घाबरत, तोच हा रोग. त्याचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८३-८४ च्या सुमारास इजिप्त व कलकत्ता येथे ओळखला होता. स्पेनमध्ये फेरान या डॉक्टराने १८८५ साली लस टोचूनही पाहिली होती, पण तिच्यावर शास्त्रज्ञांचा विश्वास बसला नव्हता. हाफकिन यांनी जंतूला एका गिनीपिगच्या पोटातून दुसऱ्याच्या पोटात असे एकामागून एक फिरविले, तसा तो अधिकाधिक जहाल होत गेला. दुसरीकडे त्याच जंतूला ऊब आणि हवा देऊन दुबळे केले. आधी दुबळ्या जंतूची सुई, काही दिवसांनी जहाल जंतूची सुई, अशी त्यांची पद्धत ठरली.

प्राण्यांवर ती यशस्वी झाली. पण माणसावर? १८ जुलै १८९२ रोजी हाफकिन यांनी पहिली सुई स्वतःला टोचून घेतली. ताप चढला, टोचलेली जागा दुखू लागली, आणि तो आपोआप उतरला. मग दुसरी सुई. त्यानंतर त्यांच्या काही रशियन मित्रांनीही टोचून घेतले. त्या महिनाअखेर त्यांनी पॅरिसच्या जीवशास्त्र सभेपुढे ही हकिकत मांडली.

त्याच वर्षी गुरूंनीही एक धाडस केले. पटकीचे जंतू पोटात गेले तरी काहींना रोग होतो, काहींना होत नाही, हे का, याचा छडा लावायला मेचनिकॉव यांनी ते जंतू चक्क पिऊन टाकले. त्यांना काही झाले नाही. तोच प्रयोग करणारा त्यांचा एक सहकारी मात्र मरता मरता वाचला. आतड्यात आधीपासून वस्तीला असलेले दुसरे जिवाणू पटकीच्या जंतूला अडवतात किंवा हात देतात, असे स्पष्टीकरण मेचनिकॉव शोधू लागले. आज एच.आय.व्ही.च्या गोळीबरोबर आतड्यातील जिवाणूंची खानेसुमारी करतात, तिचे मूळ इतक्या मागे जाते. गुरूचा आणि शिष्याचा प्रश्न मात्र वेगळा होता. गुरूला शरीर कसे लढते ते पाहायचे होते. शिष्याला लोक मरू नयेत असे वाटत होते.

लस तयार होती, पण घेणार कोण? रशियाने ती नाकारली, फ्रान्सने उत्साह दाखविला नाही. लॉर्ड डफरिन हे पूर्वी हिंदुस्थानचे व्हाइसरॉय होते आणि त्या वेळी पॅरिसमध्ये ब्रिटिश राजदूत होते. त्यांनी हाफकिन यांना हिंदुस्थानात जाण्याचा मार्ग दाखविला. मार्च १८९३ मध्ये ते कलकत्त्यास उतरले. दोन-अडीच वर्षांत आग्र्यापासून आसामच्या चहामळ्यांपर्यंत फिरून त्यांनी सुमारे ४२,००० माणसांना लस टोचली. सैनिक, कैदी, मळ्यांतले मजूर, कलकत्त्याच्या बस्त्यांतले कष्टकरी अशी ती माणसे होती.

हाफकिन यांचे मोठेपण टोचण्यात नाही, मोजण्यात आहे, असे मला वाटते. आजारी माणसाला औषध दिले आणि तो बरा झाला, तर औषध लागू पडले हे सगळ्यांना दिसते. निरोग्याला लस दिली आणि तो निरोगीच राहिला, तर दिसते काय? काहीच नाही. उलट त्याला आलेला ताप दिसतो, बुडालेली मजुरी दिसते. लसीचा फायदा एका माणसात कधीच दिसत नाही. तो पाहायचा तर लस घेतलेले आणि न घेतलेले एकाच जागी, एकाच पाण्यावर, एकाच धोक्यात असायला हवेत आणि दोघांची नोंद ठेवायला हवी. कलकत्त्याच्या कट्टल बागान बस्तीत १८९४ साली रोग शिरला, तेव्हा शहराचे आरोग्याधिकारी डॉ. सिम्पसन यांच्या साहाय्याने हाफकिन यांनी सुमारे २०० पैकी ११६ जणांना लस टोचली आणि नंतर कोण आजारी पडतो ते पाहत राहिले. रोग पुढे टोचून न घेतलेल्यांतच फिरला. बस्तीतल्या लोकांनी हे स्वतः पाहिले आणि मग कलकत्ता नगरपालिकेचाही विश्वास बसू लागला. हिवतापाने खंगून हाफकिन १८९५ साली इंग्लंडला गेले, आणि थोडे बरे वाटताच पुढल्या वर्षी परत आले.

सप्टेंबर १८९६. मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी गाठीच्या प्लेगचे निदान केले. लाखो लोक मुंबई सोडून पळाले आणि रोग त्यांच्याबरोबर कोकणात, देशावर, गुजरातेत पोहोचला. काही वर्षांत तो आपल्या वऱ्हाडातही आला. माझी आजी तिच्या सासूकडून ऐकलेले सांगते, की उंदीर पडू लागले की सगळे गाव ओस पडे आणि लोक शेतात पऱ्हाट्यांच्या झोपड्या घालून राहत.

सरकारने हाफकिन यांना मुंबईस पाठविले. ऑक्टोबरमध्ये ते आले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक खोली आणि एक व्हरांडा मिळाला. हाताखाली एक कारकून आणि तीन शिपाई. एवढ्या बळावर त्यांनी तीन महिन्यांत प्लेगची लस तयार केली. या भागात एक गोष्ट मला फार आवडली. प्लेगचे जंतू रश्शात वाढवायचे, पण ते पुरेसे वाढेनात. हाफकिन यांनी रश्शावर तुपाचे थेंब सोडले. त्या तरंगत्या थेंबांना धरून जंतू खाली लोंबत वाढू लागले, गुहेच्या छताला चुनखडीचे सुळके लोंबतात तसे. अधूनमधून भांडे हलवायचे, ते सुळके तळाशी पडत आणि नवे फुटत. रस्सा बोकडाच्या मांसाचा असे, म्हणजे हिंदूंना गाईची आणि मुसलमानांना डुकराची शंका यायला नको. मग ते सगळे तापवून जंतू मारून टाकायचे आणि वर थोडे कार्बॉलिक आम्ल घालायचे. तूप आणि बोकडाचा रस्सा! जगातील पहिली प्लेगची लस अशी आपल्या ओळखीच्या वस्तूंतून उभी राहिली.

१० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती स्वतःला टोचून घेतली, आणि मात्रा घेतली ती नंतर लोकांना देण्यात येई त्याच्या कितीतरी पट. तापाने ते फणफणले, पण काम थांबविले नाही. लसीने येणारा ताप आणि सूज त्यांनी कधी लपविली नाही. उलट तापाचा आकडा पाहूनच ते मात्रा ठरवीत. पुरेसा ताप आला नाही तर मात्रा कमी पडली असे समजत. गुरूने काट्याभोवती पाहिलेली पेशींची धावपळ शिष्य येथे माणसाच्या दंडावर मोजत होता.

त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. हाफकिन यांनी कैद्यांना समजावून सांगितले आणि जे तयार झाले त्यांना लस टोचली. जवळजवळ निम्मे तयार झाले. एकाच भिंतीच्या आत, एकच भाकरी खाणारे दोन गट झाले. टोचून घेतलेल्यांत रोग न टोचलेल्यांपेक्षा कितीतरी कमी झाला. कैद्याचे तयार होणे कितपत खुशीचे असते, अशी शंका आमच्या वर्गात एकाने काढली. ती रास्त आहे असे मला वाटते.

मुंबईत आगाखान यांनी आपली मोठी इमारत प्रयोगशाळेला दिली आणि चारचौघांत पुन्हा पुन्हा लस टोचून घेतली. ते पाहून त्यांच्या खोजा समाजातील हजारो लोक पुढे आले. पोर्तुगीजांच्या दमणमध्ये १८९७ साली मोठी साथ आली. तेथे लस घेतलेल्या २,१९७ जणांपैकी ३६ मेले आणि न घेतलेल्या ६,०३३ पैकी १,४८२ मेले. शंभरात दोनही नाहीत, आणि शंभरात जवळजवळ पंचवीस.

पण शंका घेणारे म्हणत, की लस घेणारे शहाणे, सुखवस्तू, स्वच्छ राहणारे असतील, म्हणून वाचले असतील. या शंकेला उत्तर देण्यासाठी हाफकिन यांनी फेब्रुवारी १८९८ मध्ये बडोद्याजवळच्या उंडेरा गावात जे केले, ते वाचताना माझा हात थांबला. गावात प्लेग आधीच शिरला होता. एकेक कुटुंब समोर बोलावून प्रत्येक घरातील निम्म्यांना लस टोचली आणि निम्म्यांना ठेवले. वय, प्रकृती, बाई-माणूस यांचा दोन्ही बाजूंना मेळ राहील अशी काळजी घेतली. काही आठवड्यांनी मोजणी झाली. रोग शिरलेल्या २८ घरांत लस घेतलेले ७१ होते, त्यांतले ८ आजारी पडले व ३ मेले. न घेतलेले ६४ होते. त्यांतले २७ आजारी पडले आणि २६ मेले.

हे मी घरी वडिलांना सांगितले. आकडे त्यांना लगेच पटले. मग ते म्हणाले, की आपल्या घरात माणसे चार, म्हणजे दोन इकडे आणि दोन तिकडे. एवढे बोलून ते रात्रीची लाइन आली म्हणून शेजाऱ्याच्या मळ्यावर मोटर लावायला निघून गेले. मी बराच वेळ त्या दोन-दोनचा विचार करीत बसलो. हाफकिन यांनी केले ते बरोबर की चूक, हे मला ठरविता आले नाही. त्या आकड्यांमुळे पुढे लाखो लोकांनी विश्वासाने हात पुढे केला, हे खरे. ते २६ जण खरे, हेही खरे.

त्या काळात लोकांचा विश्वास मिळविणे किती कठीण होते ते समजायला पुण्याची हकिकत पुरे. प्लेगच्या बंदोबस्तासाठी गोरे सोजीर घराघरांत शिरत, माणसांना ओढून छावणीत नेत, देव्हारे व सामान रस्त्यावर फेकत. २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या, त्यामागे हाच संताप होता. त्याच साली, १० मार्चला, सावित्रीबाई फुले प्लेगने गेल्या. आजारी मुलाला पाठीवर घेऊन दवाखान्यात नेताना त्यांना बाधा झाली होती. सरकारी माणूस दारात आला की लोकांना आधी रँडचे सोजीर आठवत. सुईत विष आहे, सुईने वंश बुडतो, असल्या अफवा उठत. अशा वातावरणात हाफकिन यांची सुई ऐच्छिकच राहिली आणि तरीही पसरली. १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसात प्रयोगशाळेला कायमची जागा मिळाली. ज्यांना ग्रंथपालाची नोकरी घ्यावी लागली होती, ते आता आशियातल्या एका मोठ्या प्रयोगशाळेचे प्रमुख झाले.

१९०२ साली पंजाबात प्लेगचा कहर झाला. लाखो कुप्यांची मागणी आली. काम लवकर उरकावे म्हणून परळला पद्धतीत बदल झाला. कार्बॉलिक आम्ल वगळून केवळ उष्णतेवर भिस्त ठेवण्यात आली. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी गुजरात जिल्ह्यातील मलकवाल या गावात १०७ जणांना लस टोचली. (हा पंजाबातला गुजरात, आता पाकिस्तानात आहे.) त्यांतल्या १९ जणांना एकाच बाटलीतली लस मिळाली होती. आठवड्याभरात त्या सर्वांना धनुर्वात झाला आणि ते एकोणीसच्या एकोणीस मेले.

निरोगी माणसे होती. लस घेतली नसती तर त्यांतली बरीचशी जगली असती. माझ्या वडिलांच्या मनात जी भीती होती, ती येथे अक्षरशः खरी ठरली.

चौकशी समिती बसली. बाटली परळलाच दूषित झाली असावी असा तिने कौल दिला आणि बदललेल्या पद्धतीकडे बोट दाखविले. हाफकिन यांना पदावरून दूर व्हावे लागले. ते इंग्लंडला गेले आणि तेथे वर्षांमागून वर्षे आपली बाजू मांडत राहिले. त्यांचे म्हणणे असे, की बाटली ४१ दिवस बंद होती. धनुर्वाताचे जंतू इतके दिवस तिच्यात वाढले असते तर ती उघडताच घाण वास आला असता, आणि तसा वास कोणालाही आला नव्हता. शिवाय मलकवालला बाटली उघडताना सहायकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट उकळून न घेताच त्याने बूच काढले होते. गुराढोरांच्या वाटेवरची माती म्हणजे धनुर्वाताचे घर. लंडनच्या लिस्टर संस्थेने पुरावा तपासला. १९०७ साली रोनाल्ड रॉस आदी शास्त्रज्ञांनी टाइम्स पत्रातून हा अन्याय उघडा केला. हिवतापाचा डासांशी संबंध सिद्ध करणारे ते हेच रॉस. अखेर त्या वर्षीच्या नोव्हेंबरात सरकारने हाफकिन यांना पुन्हा नोकरी देऊ केली.

मला येथे एक गोष्ट खटकते. सगळी पुस्तके हाफकिन यांच्या पाच वर्षांच्या वनवासाविषयी हळहळतात, आणि ती हळहळ योग्यच आहे. पण त्या एकोणीस घरांत पुढे काय झाले, याविषयी मी वाचलेल्या पुस्तकांत एक ओळही नाही.

नोकरी मिळाली ती कलकत्त्याला. परळ त्यांना परत मिळाले नाही, माणसांवर नवी लस आजमावण्याची मोकळीकही मिळाली नाही. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, १९१५ च्या सुमारास, ते हिंदुस्थान सोडून गेले. उरलेले आयुष्य त्यांनी फ्रान्समध्ये आणि शेवटी स्वित्झर्लंडमध्ये काढले. लग्न केले नव्हते. उतारवयात ते आपल्या धर्माच्या अभ्यासाकडे वळले आणि साठविलेला पैसा ज्यू मुलांच्या शाळांसाठी दिला. १९२५ साली परळच्या प्रयोगशाळेला हाफकिन इन्स्टिट्यूट हे नाव देण्यात आले, ते त्यांच्या हयातीतच. २६ ऑक्टोबर १९३० रोजी लोझान येथे त्यांचे निधन झाले.

पटकीची आणि प्लेगची त्यांची लस आज त्या स्वरूपात कोणी वापरीत नाही. पण उंडेऱ्याची वही अजून चालू आहे असे मला वाटते. गोळी घेणाऱ्या निरोगी माणसाच्या शौचाचा नमुना घेऊन त्यातले जिवाणू मोजतात, रक्तातला दाह तपासतात, तीच ती वही. फरक इतकाच, की आता घरातली निम्मी माणसे कोणी वेगळी काढू शकत नाही. आधी समजावून सांगावे लागते, लेखी संमती घ्यावी लागते, आणि नाही म्हणण्याचा हक्क असतो.

वडिलांनी शेवटी लस घेतली होती, पेरणी आटोपल्यावर. दीड दिवस ताप आला. त्यांनी तो दीड दिवस मजुरीच्या वहीत लिहून ठेवला आहे, मी पाहिले. माझ्या मित्राने पुढच्या १ डिसेंबरसाठी तीन प्रश्न आताच कागदावर उतरवले आहेत. पहिला प्रश्न मूत्रपिंडाविषयी आहे.